परत गोळा केलेली पत्रकं

जिन्याच्या तोंडाशी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘फ़िल्मी गाना मना है’, आणि खाली बाण.

तो फळा बघूनच मला आनंदानं आरडाओरडा करावासा वाटला. आमच्या नोएडात तेव्हा काहीच मना नव्हतं, फक्त परवडायला हवं होतं. बाबांनी सरकारी क्वार्टर सुटायच्या आत सोसायटीत फ्लॅट घेतला आणि आम्ही यमुनेपलीकडे राहायला आलो, तेव्हापासून बघतेय मी. सेक्टरच्या नकाशात दुकानांना जागा आहे, गाड्या उभ्या करायला जागा आहे, बँकेला, मंदिराला, नर्सरी शाळेला जागा आहे. पण माणसानं स्वतः रचलेलं गाणं चार लोकांना ऐकवायचं तर कुठं जायचं? नकाशा काढणाऱ्याला वाटलं असणार, गाणी कॅसेटमध्ये मिळतात की!

आणि इथं, मार्केटमधल्या एका गाद्यांच्या दुकानाच्या तळघरात, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी लोक स्वतःची गाणी म्हणत होते. दुकानदाराचा थोरला मुलगा गिटार वाजवायचा, त्यानं हे सुरू केलेलं. नियम दोनच. गाणं स्वतःचं हवं, आणि चपला वरच काढायच्या. कारण प्रेक्षक बसायचे ते विकायच्या गाद्यांवर. गाद्यांवरचं प्लास्टिक काढायची परवानगी त्याच्या वडिलांनी दिली नव्हती, त्यामुळे जरा कुणी हललं की करकर आवाज व्हायचा. गाणं आवडलं नाही तर लोक नुसते चुळबुळ करायचे आणि गायकाला कळायचं. त्याहून निर्दय टीका मी अजून ऐकलेली नाही.

त्या शनिवारी माझी ताई गाणार होती. आयुष्यात पहिल्यांदा.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती टेलिफोनवर इंग्लंडच्या लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करत होती, काचेच्या नव्या इमारतीत, दुपारी एक ते रात्री दहा. कंपनीनं तिला फोनवर वापरायला नवं नाव दिलं होतं, गोऱ्या बाईचं. गिऱ्हाइकांना आपली नावं उच्चारता येत नाहीत म्हणे. राज्य करायला आले होते तेव्हा बरी येत होती! माझं डोकं फिरलं होतं त्या प्रकारानं. पण ताई शांत. ती घरी यायची, जेवायची आणि गच्चीवर जाऊन गुणगुणायची.

नव्या नावाचं आईला माहीत नव्हतं. सांगणं सोपं नव्हतं, कारण आमच्या घरात ताईच्या नावाची एक गोष्ट आहे. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या तिला हवं ते नाव ठरवूनच आली होती. आईनं भर बारशात तिला बाजूला सारलं, पाळण्यात वाकून स्वतःला आवडलेलं नाव ताईच्या कानात सांगितलं आणि मग मोठ्यानं सगळ्यांना. आत्या दोन वर्षं आमच्याकडे आली नाही. तर असं भांडून मिळवलेलं नाव ताई रोज दुपारी एक वाजता ऑफिसच्या दारात काढून ठेवत होती. हे आईला सांगणार कोण आणि कसं?

ताईनं त्याचं गाणं केलं. गच्चीवर तिनं ते मला एकटीला ऐकवलं होतं:

दिवसभर दुसऱ्या नावानं बोलले मी,
घरी आले, आईनं हाक मारली,
वळून मागं बघितलं मी,
कुणाला बोलावतेय ही?

माझ्या अंगावर काटा आला. “पुढं?”

“पुढं सुचत नाहीये, यार,” ताई म्हणाली. “शेवट मिळाला की आईला ऐकवीन.”

आता माझी चूक सांगते, कारण ती सर्वस्वी माझीच आहे.

मी कॉलेज संपल्यापासून बदरपूरला बस बदलून फरीदाबादला जाते आणि कारखान्यांच्या फाटकांवर आमच्या संघटनेची पत्रकं वाटते. स्टेन्सिल स्वतः कापते. पत्रकाच्या वर जाड अक्षरात धिक्कार, मधे हकीकत, शेवटी आवाहन, हे मला झोपेतही जमतं. ताईच्या गाण्यात हकीकत होती. धिक्कार नव्हता, आवाहन नव्हतं. शिवाय ऐकायला येणारे बहुतेक हिंदीवाले, त्यांना मराठी कसं कळणार? म्हणून मी आमच्या ऑफिसातल्या सायक्लोस्टाइलवर गाणं छापलं. एका बाजूला मराठी, मागं हिंदी अर्थ. वर लिहिलं, ‘नाव हिरावणाऱ्या कंपन्यांचा धिक्कार असो!’ आणि गाण्याला शेवट नव्हता तो मी दिला:

ऊठ भगिनी, ऊठ आता,
नाव तुझं तू परत घे!

चाळीस प्रती. ताईला विचारलं नाही. सरप्राइज म्हणे!

जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी वाटली. चपला काढायला वाकलेल्या माणसाला पत्रक देणं फार सोपं असतं, तो चुकवून जाऊच शकत नाही. लोक घेत होते, वाचत खाली उतरत होते, मी फुलून आले होते. फाटकावर दहा जणांपुढं धरली तर दोघं घेतात. इथं सगळे! सगळ्यात पहिली प्रत मी आईला दिली होती.

तळघरात पहिला गायक सुरू झाला. बँकेत कॅशियर होता, शर्ट पँटमध्ये खोचलेला. त्यानं पोस्टमनवर गाणं केलं होतं, सेक्टर, ब्लॉक, पॉकेट आणि फ्लॅट नंबरांच्या जंगलात हरवलेला पोस्टमन, आणि चिठ्ठीतलं प्रेम शिळं होतंय. लोक गुडघ्यावर ताल धरत होते. प्लास्टिक करकरत नव्हतं. मी जिन्यावर उभी राहून वेड्यासारखी हसत होते. कुणी विकत घेतलेलं नाही, कुणी प्रायोजित केलेलं नाही, आणि माणसं दाटीवाटीनं बसून ऐकतायत! आमच्या नोएडात हे होऊ शकतं?

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं कोपर धरलं. ताई. हातात पत्रक.

“हे काय आहे?”

“पत्रक.”

“ते दिसतंय. माझं गाणं आहे हे.”

“मागं हिंदी दिलंय बघ. ताई, अगं सगळ्यांनी घेतलंय, एकानंसुद्धा—”

“आणि हे ‘ऊठ भगिनी’? मी कधी म्हटलं हे? कुणाला भगिनी म्हणते मी?”

“शेवट नव्हता ना.”

“नव्हता तर नव्हता! तू कोण देणारी?” ती कुजबुजतच ओरडत होती. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. “आईला दिलंस?”

मी खाली, आईच्या दिशेनं बघितलं.

“तिला घरी सांगता येत नाही म्हणून इथं आणलंय मी. माझ्या तोंडून ऐकायला. आणि तू तिला कागद दिलास, वर धिक्कार लिहून?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “एकेक कागद परत आण. आईचा आधी. नाहीतर मी गाणार नाही. बिल्कुल नाही. आपण तिघी घरी जाऊ.”

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. दिलेलं पत्रक परत घ्यायचं नाही. चुरगाळलं, फेकलं, त्याची पुडी केली तरी नाही. आता मी अनवाणी, वाकून, त्या करकरणाऱ्या गाद्यांवरून रांगत एकेकाकडून कागद मागत होते, आणि दुसरी गायिका, एक शाळेतली बाई, इतकं हळुवार गात होती की माझी प्रत्येक हालचाल फटाक्यासारखी वाजत होती.

“मैडम, अभी तो आपने ही दिया था!”

“जी, वापस चाहिए.”

“अच्छा? इतनी जल्दी क्रांति कैंसिल?”

लोक हसले. हसू देत. मी तीस मिळवली, पस्तीस, अडतीस. ताईनं परत दिलेली एक धरून एकोणचाळीस.

चाळिसावी आईच्या हातात होती. गुडघ्यांमुळे तिला खुर्ची दिली होती, अगदी समोर, आणि ती पत्रकानं वारा घेत होती. चष्मा घरी राहिला होता तिचा. देव पावला म्हटलं असतं, मानत असते तर. म्हणून तिच्याकडे शेवटी गेले. चूक! शेजारच्या खुर्चीवर एक काका होते, मराठी, हिंदूराव हॉस्पिटलात एक्स-रे काढून निवृत्त झालेले. मराठी कानावर पडलं की कुणालाही ‘संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला आला होतात का?’ असं विचारणाऱ्यांपैकी.

“आई, तो कागद दे.”

“राहू दे ग, उकडतंय.”

“काय छापलंय हो त्यात?” काका म्हणाले. “द्या, वाचून दाखवतो.” आणि घेतलाच. हात लांब करून, मान मागं नेऊन सुरू, “नाव हिरावणाऱ्या कंपन्यांचा…”

तिकडे गिटारवाल्यानं ताईचं नाव पुकारलं. ताई जागची हलली नाही. ती काकांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती.

“काका, वाचू नका,” मी म्हणाले. माझा आवाज फाटकावरचा, दबतच नाही. सगळं तळघर ऐकू लागलं. “ते पत्रक चुकीचं आहे.”

“कुणी काढलंय?”

“मी. गाणं माझं नाही आणि मी त्यात घुसडलंय. द्या इकडे.”

‘पत्रक चुकीचं आहे’ हे वाक्य मी तोवर कधीच बोलले नव्हते. काकांनी कागद दिला. आईनं माझ्याकडे बघितलं, लहानपणी दुधात हात घातल्यावर बघायची तसं. मी चाळीसच्या चाळीस पत्रकं गादीवर ठेवली आणि त्यांच्यावर बसले. मोठ्यानं करकरलं. ताई बघत होती. मग ती माइककडे गेली.

तिनं हिंदीत दोन वाक्यांत सांगितलं की गाणं मराठीत आहे, ऑफिसातलं नाव आणि घरातलं नाव याबद्दल आहे. बस. माझ्या पत्रकाची अख्खी हिंदी बाजू तिनं दोन वाक्यांत उरकली! आणि गायला लागली. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसरीला नाही. ‘कुणाला बोलावतेय ही’ला आईचा हात साडीच्या काठावर थांबला. तिला कळलं होतं, मला दिसत होतं. आता शेवट, तो तर नाहीच, आता काय करणार ही?

ताईनं डोळे मिटले.

पहिली हाक दारात राहिली,
दुसरी भांड्यांत विरली,
तिसरीला ओ देईन मी,
आई, अजून एक हाक मार.

गिटार थांबली. एक गादीसुद्धा वाजली नाही. टाळ्या वाजवाव्यात हे कुणाला सुचायच्या आत आईनं खुर्चीतूनच हाक मारली. ताईचं नाव, पूर्ण, खणखणीत, चौथ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या पोरींना मारायची तशी.

“ओ!” ताई म्हणाली. माइकमधून.

मग जे काही झालं ते मला नीट सांगता येणार नाही. लोक उठले, गाद्या फुटतील असा आवाज, कॅशियर शिट्ट्या वाजवतोय, काका ‘वन्स मोर’ ओरडतायत, आणि मी, चाळीस पत्रकं पायाखाली तुडवत, घसा बसेपर्यंत ओरडतेय.

परत जाताना आम्ही तिघी एका सायकलरिक्षात कोंबून बसलो.

“काय नाव दिलंय मेल्यांनी?” आईनं विचारलं.

ताईनं सांगितलं. आईनं ते दोनदा म्हणून बघितलं, गरम बटाटा तोंडात फिरवावा तसं. “सोमवारी परत हेच?”

“हेच. नोकरी आहे, आई.”

आई मला म्हणाली, “तुझा तो कागद वाच बघू आता.”

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, “वाच. आता चालेल.” दिव्याच्या खांबाखाली लाल सिग्नलला थांबलो तेव्हा मी तुडवलेल्यांतली एक प्रत काढून वाचली, वरपासून खालपर्यंत.

“हे खालचं हिचं नाही,” आई म्हणाली.

“कशावरून?”

“ओरडतंय ते.” मग जरा थांबून, “वरचं मात्र राहू दे. धिक्कार असो. ते बरोबर आहे.”

रिक्षावाल्यानं मान वळवली. “क्या लिखा है, बहनजी?”

मी पत्रकाचा खालचा भाग फाडून टाकला आणि उरलेला हातात धरून ताईकडे बघत राहिले.

“दे त्याला,” ताई म्हणाली.