चोरून ऐकणारीचं व्याकरण

माझा मोठा भाऊ जर्मनीत स्थायिक झाल्यापासून दर दोन वर्षांनी नाताळला बायकोमुलांसह आमच्या गावी, गासला येतो. त्या दिवसांत माझ्या शाळेला सुटी असते, म्हणजे सगळा स्वयंपाक माझ्याकडे. मी लग्न केलं नाही. वाडीतल्या घरात आई आणि मी, दोघीच राहतो.

अशाच एका नाताळात मी भाकऱ्या वाढत होते. वहिनी म्हणाली, तुम्हीपण बसा ना. मी म्हटलं, वाढून झालं की बसते. तेव्हा दादा तिच्याकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी बोलला. त्यात एक शब्द होता, उम्झोन्स्ट. वहिनीने तो हसत पुन्हा उच्चारला आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आपण मागे पडायला नको म्हणून मीही हसले. नंतर मोरीत भांडी घासताना मोबाइलला तो शब्द ऐकवला. अर्थ आला, फुकट.

त्यांच्या हसण्यापेक्षा माझं हसणं मला जास्त झोंबलं. आमच्या घरात बोली आहे, मराठी आहे, इंग्रजी आहे. चौथी भाषा या दोघांनी आमच्या तोंडावर आमच्याचबद्दल बोलायला ठेवली होती. मी ठरवलं, पुढच्या वेळी येतील तेव्हा मला सगळं कळेल आणि मला कळतंय हे त्यांना कळणार नाही.

आधी मोबाइलवरच्या ॲपने शिकले. कॉफी मागता येऊ लागली, माझ्याकडे मांजर आहे असं सांगता येऊ लागलं. पण जर्मन बातम्या लावल्या की ओळखीचे शब्द नुसते समोरून निघून जायचे. कोणी कोणाला काय केलं, ते काही हाताला लागत नव्हतं.

मग एव्हरशाईन सिटीतल्या एका मॅडमकडे जायला लागले. वयस्क बाई, स्वतःच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये शिकवायच्या. बाकीच्या मुली नर्स होत्या, तिकडच्या नोकरीसाठी शिकणाऱ्या. त्यांना विभक्तीच्या कोष्टकांचा वैताग यायचा. आम्हाला फक्त बोलायचंय मॅडम, म्हणायच्या. मॅडम त्यांना फार अडवत नसत. त्या मुली चुकीची लिंगं, चुकीचे प्रत्यय लावत धडाधड बोलू लागल्या, आणि त्यांचं अडलंही नाही. मला मॅडमनी विचारलं, तुम्हाला कशासाठी शिकायचंय? मी खरं ते सांगितलं. चोरून ऐकायला.

त्यांनी कोष्टकांचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "तर मग तुम्हाला सगळं व्याकरण लागेल. बोलणाऱ्याला समोरचा सांभाळून घेतो. चोरून ऐकणाऱ्याला 'पुन्हा सांगा' म्हणता येत नाही."

मी शाळेत मराठीच शिकवते. आठवीच्या पोरांकडून विभक्ती घोकून घेताना, याचा यांना उपयोग काय, असं माझ्याही मनात येऊन जायचं. आता तीच विद्या कामाला आली. जर्मनला आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. गौण वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी जातं. शाळेतून सुटले की स्कूटरवर रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला मॅडमकडे जायचे, आणि येताना मोठ्याने चतुर्थीचे प्रत्यय म्हणत यायचे. रागाने पाठांतर पक्कं होतं. प्रत्येक प्रत्ययाला मी वहिनीचा चेहरा लावून ठेवला होता.

दोन वर्षांनी दादा-वहिनी आले. पहिल्याच दिवशी दादाने आईसमोर विषय काढला. मला तो जर्मनीला नेणार होता. मी खूप केलं म्हणे, आता जरा जग बघावं. तोवर आईला चर्चच्या सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात ठेवू, तिथे चांगली काळजी घेतात. आईचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, जा बाय.

वहिनीने जर्मनमध्ये विचारलं, येईल का ही? दादाने उत्तर दिलं, "वेन डी मुटर निख्ट वेरं," आणि पुढे बराच बोलला. शब्द सोपे होते. नुसत्या शब्दांवर गेले असते तर वाटलं असतं, आईच्या तब्येतीचं काही बोलतोय. पण 'वार' म्हणजे होती आणि 'वेरं' म्हणजे असती. आपला संकेतार्थ. आई नसती, तर ही केव्हाच आपल्याकडे आली असती आणि मुलांना बाई ठेवावी लागली नसती.

मी पाण्याचा तांब्या भरून आणला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर काका, काकू, आत्या जेवायला आले. दादाने सगळ्यांसमोर पुन्हा जाहीर केलं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं आत्या म्हणाली. मी ते कौतुक पुरतं होऊ दिलं. मग कालवणाचं पातेलं खाली ठेवलं आणि जर्मनमध्ये सावकाश, क्रियापदं जागच्या जागी ठेवून सांगितलं, "आई आहे म्हणून मी येणार नाही. आई नसती, तरी आले नसते. फुकट मुलं सांभाळायला दुसरी बघा." लगेच तेच, आणि दादाचं ते वाक्यही, आमच्या बोलीत सांगितलं. सगळ्यांना कळावं म्हणून.

कोणी घास उचलला नाही. वहिनी गडबडून दादाला जर्मनमध्ये विचारू लागली, आता मिट डी मुटर, म्हणजे आईचं, काय करायचं.

"मिट डेअर मुटर," मी म्हटलं. "मिटनंतर चतुर्थी लागते, वहिनी."

हे वाक्य मी अजूनही अधूनमधून मनात म्हणून बघते. त्याची चव उतरलेली नाही.

दादाने विचारलं, "तुला कधीपासून कळतंय?"

"तुम्ही आलात त्या दिवसापासून."

मग तो मनातल्या मनात एकेक दिवस मागे जात, ओटीवर, गाडीत, आईच्या खाटेशी आपण काय काय बोललो ते आठवत राहिला. ते मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी काय ऐकलं, काय नाही, ते मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वहिनीच्या माहेरी निघून गेले. आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग एकदा भाजी निवडताना म्हणाली, "मला कळलं नसतं तरी चाललं असतं." मी भाजी निवडत राहिले, पण माफी मागितली नाही.

आता दादा रविवारी आईला फोन करतो. मी तो स्पीकरवर लावते. मागून वहिनी जर्मनमध्ये काहीतरी बोलायला लागते, आणि अर्ध्या वाक्यात, क्रियापदापर्यंत पोचायच्या आत, थांबते.