वाचनालयातली आढी

आमच्या आळीतल्या वाचनालयात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, याची अध्यक्ष म्हणून मला पक्की खात्री होती.

(वार्षिक सभेत मी नेमकं उलट सांगत असे. पण ते भाषण झालं!) खात्रीला पुरावाही होता. रोज दुपारी जेवण आटोपून मी तिथे जाई आणि पंख्याखालच्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन वाचत बसे. तेव्हा तिथे मी आणि आमच्या ग्रंथपाल मीनाताई, तिसरं माणूस कधी दिसलं नाही. दुपारी जेवल्यावर अख्खी रत्नागिरी झोपते, हा मुद्दा मला सुचला नाही, कारण तेव्हा मीही झोपलेलाच असे.

त्या वर्षी लेकीचं लग्न झालं होतं आणि सांगलीचे व्याही मे महिन्यात पहिल्यांदाच आमच्याकडे यायचे होते. परत जाताना त्यांच्या गाडीत आमच्या कलमांचा हापूस गेलाच पाहिजे, असं हिने बजावून ठेवलं होतं. रत्नागिरीच्या माणसाने व्याह्यांना आंब्याशिवाय पाठवलं, अशी बातमी सांगलीत पसरली असती तर मला घराबाहेर झोपावं लागलं असतं.

आंबे उतरवले, पण पिकायला आढी कुठे घालायची यावर घोडं अडलं. घरात रंगकाम चाललं होतं.

"आंब्यांना रंगाचा वास लागेल हो!" ही म्हणाली.

"वाचनालयाची मागची खोली आहे की! कोरडी, बंद. चिटपाखरू नसतं तिथे."

"अहो, पण लोक वाचायला येतात ना?"

"लोक? वाचायला?" मी असा काही हसलो की रंगारी शिडीवरून वळून बघायला लागला.

सुट्टीच्या दिवशी कुलूप काढून मी त्या खोलीत गवत पसरलं, आंबे रचले, वर पुन्हा गवत आणि गोणपाट घातलं. मग एका मुंजीसाठी आम्ही दोघं गुहागरला गेलो आणि आठवडाभर तिथेच रमलो. मीनाताईंना सांगायचं राहून गेलं. (अध्यक्षाने काय प्रत्येकाला विचारत बसायचं?)

परतलो त्याच दिवशी व्याही आणि विहीणबाई आले. संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "चला, आमचं वाचनालय बघा. तुमच्यासमोर आढी उघडतो!" हीही बरोबर निघाली.

दारात चपला काढायला जागा नव्हती! मला वाटलं, कोणीतरी गेलं. आत शिरलो तर पेपरच्या टेबलाभोवती पेन्शनर दाटीवाटीने बसलेले. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तकांत डोकं घालून. बायका मासिकं बदलून घेताहेत, आणि कोपऱ्यात कोणीतरी आजी लहान मुलांना गोष्ट सांगताहेत. आणि सगळीकडे हापूसचा घमघमाट!

"आलात काका? सगळे तुमचीच वाट बघताहेत!" मीनाताई म्हणाल्या.

मी मागच्या खोलीकडे धावलो. गोणपाट घडी घालून ठेवलेलं. खाली नुसतं गवत.

"मीनाताई, आंबे?"

"वाटले की! मागच्या खोलीत कोणी काही आणून ठेवलं की ती वाचनालयाला देणगी, हा तुमचाच ना नियम? पुस्तकं अशीच येतात आपल्याकडे. आंबे यंदा पहिल्यांदाच आले! आणि कुलपाची दुसरी किल्ली तुमच्याकडेच, म्हणजे देणारे तुम्हीच!"

"सगळे वाटलेत?"

"पुरले कुठे, काका! सभासद किती आहेत आपले! शेवटचे आज गोष्टीच्या तासाला मुलांनी खाल्ले."

हा नियम मीच केला होता. लोक जुनी पुस्तकं देऊन पुन्हा मागायला येत, म्हणून!

तेवढ्यात एक म्हातारे वाचक काठी टेकत पुढे आले. "बेस केलाव अध्यक्ष! असा गोड आंबा मी बरेच दिसांत खाल्ला नव्हता!" टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यावर खरं बोलायची मला सवय नाही. "वाचक हेच माझे देव," मी म्हणालो. हिने माझ्याकडे एकदाच बघितलं, पण ते पुरेसं होतं.

लाज राखली ती हिनेच. मीनाताईंनी मागवलेला चहा येईपर्यंत ही गुपचूप पलीकडच्या बागवाल्यांकडे जाऊन हापूसची पेटी घेऊन आली आणि सगळ्यांदेखत विहीणबाईंच्या हाती ठेवली. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तो अजून पुरता सुटायचा होता, तोच व्याही उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"आमचे व्याही घरचा सगळा आंबा वाचकांना देतात, आणि आम्ही पेटी घेऊन सांगलीला जायचं? नाही! ही पेटी आमच्याकडून इथल्या मुलांना!"

मुलं पेटीभोवती जमलीसुद्धा. ही खुर्चीत मटकन बसली. मीनाताई उत्साहाने म्हणाल्या, "आता अध्यक्ष आभार मानतील!"

मी मानले. वाचनालयाचं महत्त्व, सांगलीकरांचं औदार्य, वाचनसंस्कृती, असं काय काय घेत खूप वेळ बोललो. लोक म्हणतात, ते माझं आजवरचं सर्वांत मोठं भाषण. मोठं होणारच हो! ते संपलं की मला हिच्याबरोबर घरी जायचं होतं!