बाकाला विचारून बसणारे वसंतराव

"विचारून बसले का?"

वसंतराव काळबांडे यांनी मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले वाक्य. सिॲटलच्या एका विस्तीर्ण वृक्षोद्यानात, तांबड्या मेपलच्या झाडाखाली मी नुकताच बाकावर टेकलो होतो. मुलाकडे कायमचे राहायला येऊन मला थोडेच महिने झाले होते. बॉथेल या उपनगरातून बसने शहरात यावे, एखाद्या उद्यानात स्तोत्र पुटपुटत फिरावे आणि दुपारी घरी परतावे, असा माझा क्रम होता. त्या सकाळी धुके इतके दाट होते, की दहा पावलांपलीकडची झाडे केवळ सावल्या वाटत होत्या. अशा निर्जन ठिकाणी अकस्मात कानाशी मराठी, तीही नागपूरकडची, ऐकू आली म्हणून मी दचकून वळलो. कानटोपी घातलेले, खांद्याला थर्मास अडकवलेले, उंच पण किंचित वाकलेले एक गृहस्थ मागे उभे होते. माझ्या डोक्यावरच्या काळ्या टोपीने माझी ओळख पटवली असावी.

"कोणाला विचारायचे?" मी म्हटले.

त्यांनी बाकाच्या पाठीवरील लहानशा पितळी पाटीवर बोट ठेवले. "यांना. यांच्याच घरी बसून राहिले ना तुम्ही."

मी चष्मा सारखा करून पाहिले. पाटीवर एका स्त्रीचे नाव, जन्म आणि मृत्यू यांची साले, आणि तिला ही जागा प्रिय होती अशा अर्थाची एक ओळ होती. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उद्यानाला बाक देण्याची या देशात रीत आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी नकळत उठून उभा राहिलो. वसंतराव पाटीकडे झुकून स्वच्छ मराठीत म्हणाले, "बसू का जी?" मग मान तिरकी करून ते ऐकत राहिले. धुक्यातून पानांवरचे पाणी ठिबकत होते. काही वेळाने त्यांचा चेहरा सैलावला. "बसा म्हणतात. तुमच्यावर राग नाही त्यांचा."

पुढची काही वर्षे आम्ही दोघांनी त्या शहरातली उद्याने पालथी घातली. काचेच्या घरातली उष्ण देशांची झाडे पाहिली, टेकडीवरची गुलाबांची बाग पाहिली, समुद्रकाठच्या रानवाटा तुडवल्या. सर्वांत अधिक गेलो ते तळ्याकाठच्या एका उद्यानात. तिथे पूर्वी गॅसचा कारखाना होता. त्याचे गंजलेले उंच मनोरे तसेच ठेवून भोवती हिरवळ केली आहे. धुक्याच्या दिवशी ते मनोरे तळ्यातून वर आल्यासारखे दिसत. मी व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. ते मला 'शास्त्रीजी' म्हणत, आणि त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

विचारल्यावाचून ते कधी बसले नाहीत. क्वचित उत्तर नकारार्थी येई. एकदा गुलाबबागेत माझे गुडघे फार दुखत असताना त्यांनी मला एका रिकाम्या बाकापासून पुढे नेले. "आज नको म्हणतात," एवढेच म्हणाले. मी मनातून वैतागलो. आम्ही पलीकडे बसून थोडा वेळ झाला असेल, तोच एक तरुण स्त्री ओली हिरवळ तुडवीत घाईने आली, त्या बाकावर कुशीवर आडवी झाली आणि पाटीवर तळवा ठेवून हुंदके देऊ लागली. वसंतरावांनी तिकडे पाहिलेही नाही. थर्मासमधला चहा झाकणात ओतला, नेहमीप्रमाणे अर्धा माझ्या पेल्यात घातला, आणि पुटपुटले, "तिच्यासाठी राखून ठेवली होती जागा."

जे काही जवळ असेल ते निम्मे करून दुसऱ्याला दिल्याखेरीज त्यांना जात नसे. केळे असो, चिक्कीचा तुकडा असो की औषधाच्या गोळीवरचे पाणी. "एकट्याचा घास घशातच बसते, शास्त्रीजी," असे ते म्हणत.

या सगळ्यामागे काय होते, ते त्यांनी मला एका संध्याकाळी बॉथेलमध्ये सांगितले. हिवाळ्याच्या तोंडावर दिवस मावळताना सबंध शहरातले कावळे आमच्या गावच्या पाणथळ रानात मुक्कामाला येतात. आकाश काळे होते, आणि त्यांच्या आवाजात माणसाचे बोलणे बुडून जाते. आम्ही कडेला उभे राहून पाहत होतो. "दिवसभर सिॲटलच्या बाकांवर बसतात आणि रात्री आपल्याकडे झोपायला येतात," वसंतराव म्हणाले. मग बोलले, "सिंधू, माझी बायको, गेली तेव्हा मी इथे होतो. करोनाची साथ, विमाने बंद. दहाव्याचे माझ्या मुलाने, निखिलने, मला इथे फोनवर दाखवले. तिकडे पुतण्याने पिंड ठेवला. कावळे बसून, पण एकही शिवेना. पुतण्या म्हणे, काका, काही राहिले असेल तर बोला. मी बोललो, जेवढे सुचले तेवढे. आणि रेंज गेली."

"मग?"

"मग काय. नंतर सगळे म्हणाले, शिवला. तसे तर सगळेच सांगतात, शास्त्रीजी. मी नाही पाहिले ना."

सर्वपित्री अमावास्येला ते या परक्या बाकांपाशी दहीभाताचा लहानसा घास ठेवत आणि तिळाचे पाणी सोडत, ते का, हे मला त्या दिवशी उमगले. माझ्या सुनेला, केतकीला, हे मुळीच पसंत नव्हते. "बाबा, पार्कमध्ये फूड ठेवायला अलाउड नाहीये हं. बोर्ड असतो तिथे. फाइन लागेल, आणि काकांना सांगा प्लीज." मी निरोप पोचवला. वसंतराव शांतपणे म्हणाले, "बोर्डावर पाखरांचे लिहिले आहे. मी पाखरांना कुठे घालून राहिलो?" आणि खरोखर, घास ठेवताच कोठूनसा कावळा उतरे, घास उचले आणि जाई. मी ते अनेक बाकांपाशी पाहिले आहे.

केवळ एका बाकापाशी ते घडले नाही. गंजलेल्या मनोऱ्यांच्या उद्यानात, तळ्याकडे तोंड केलेला तो बाक होता. पाटीवर साल नव्हते, ओळ नव्हती. फक्त 'मार्गारेट' एवढे नाव. कावळे येत, पाठीवर ओळीने बसत, घासाकडे पाहत, आणि न शिवता उडून जात. पहिल्या वर्षी वसंतराव तिथे दुपारपर्यंत उभे राहिले. हात जोडून त्यांनी मार्गारेटबाईंना परोपरीने आश्वासने दिली: मुलेबाळे असतील ती सुखात राहोत, घरच्या गुलाबांना पाणी मिळो, कोणाचा निरोप राहिला असेल तर तो पोचो. कावळे मनोऱ्यांवर जाऊन बसले आणि तेथून आमच्याकडे पाहत राहिले. मला त्या नजरेखाली थंडी वाजू लागली. "या बाईंचे फार मोठे काही राहिले आहे," वसंतराव म्हणाले. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी ते त्या बाकापाशी जात, तिळाचे पाणी सोडत, आणि जे सिंधूताईंशी फोनवर बोलायचे राहून गेले तेही बहुधा तिथेच बोलत. दुसऱ्या वर्षीही कावळा शिवला नाही.

तिसऱ्या वर्षी अमावास्येच्या सकाळी आम्ही तिथे पोहोचलो, तेव्हा बाकावर एक वृद्ध स्त्री बसली होती. पांढरे केस, हाती काठी. वसंतरावांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत अदबीने विचारले, "आपण मार्गारेटबाईंच्या कोण?"

ती हसली. "मीच मार्गारेट."

लग्नाला पन्नास वर्षे झाली तेव्हा नवऱ्याने हा बाक तिच्या नावाने दिला, असे तिने सांगितले. तो वारल्यावर ती मुलीकडे ॲरिझोनाला गेली, तिथे कमरेचे हाड मोडले, आणि ती नुकतीच परतली होती. ज्या बाईला दोन वर्षे पितरांत गणून पाणी दिले, ती समोर बसून आम्हाला सरकून जागा करून देत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हा भात ठेवणारे तुम्हीच का? इथे फिरायला येणारी एक शेजारीण मला कळवत असे." आणि मग सहज स्वरात ती सांगू लागली. ॲरिझोनात तिला वरचेवर एक स्वप्न पडे. कोणी तरी ओंजळीतून तिच्या ओठांना पाणी लावी. जाग आल्यावर तोंडात चव राही. "बेगलवर बिया असतात ना, तशी. मी तर तिकडे बेगल खात नव्हते."

बेगल हा इथला कड्यासारखा पाव, त्यावर तीळ लावलेले असतात. वसंतराव मटकन गवतावर बसले. न विचारता बसलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले. परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. "जिवंत माणसाला पाणी दिले हो मी. आता तिचे काही झाले तर?" घरी केतकीने समजूत घातली, "काका, उलट लाइफ वाढते म्हणतात ना असे झाले की? चिल करा." त्यांनी ऐकले नाही. आठवडाभर ते जेवले नाहीत, असे निखिलने कळवले.

मृत समजून ज्याचे और्ध्वदेहिक केले तो जिवंत परतला, तर त्याचे जातकर्म आणि नामकरण पुन्हा करावे, त्याने नव्याने जन्म घ्यावा, असे आमच्या धर्मशास्त्रात सांगितले आहे. मी ते वसंतरावांना सांगितले, तेव्हा बुडत्याने दोर धरावा तसा त्यांनी माझा हात धरला. नवरात्रात आम्ही पुन्हा त्या उद्यानात गेलो. मार्गारेटबाईंना सर्व सांगावे लागले. त्या म्हणाल्या, "करा. मला जन्मायला हरकत नाही."

मी मंत्र म्हटले. सोन्याच्या अंगठीने मध आणि तूप त्यांच्या जिभेला लावले. वसंतरावांनी त्यांच्या कानाशी वाकून त्यांचेच नाव त्यांना पुन्हा दिले.

"आता माझे वय काय?" त्यांनी डोळे मिटूनच विचारले.

"पाळण्यातले," वसंतराव म्हणाले, आणि अमावास्येनंतर प्रथमच हसले. मध उरला होता. त्यांनी निम्मा माझ्या तळहातावर घातला.

मला वाटले, भय संपले. परंतु तिथून निघताना ते मनोऱ्यांकडे पाहून थबकले. "शास्त्रीजी, एक सांगा. ती तर जिवंत होती. मग मी सोडलेले पाणी दर वेळी जमिनीत विरून जात होते, ते कोण पीत होते?" मी म्हटले, माती पीत होती. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटले नव्हते. त्यानंतर ते मार्गारेटबाईंची विचारपूस दर दोन दिवसांनी फोनवरून करू लागले. त्यांना साधा खोकला झाला तरी यांचे अन्न तुटे. "मीच लावलेली पीडा आहे ती," म्हणत. फेब्रुवारीत वसंतरावांना स्वतःलाच न्यूमोनिया झाला. मी इस्पितळात गेलो तेव्हा खाटेच्या कडेला बसण्यापूर्वी मी विचारले, "बसू का?" त्यांनी फार प्रयासाने डोळे उघडले. "बसा. ती बरी आहे ना?" दुसऱ्या दिवशी ते गेले.

दहाव्या दिवशी मी बॉथेलच्या रानाकडेला गेलो नाही. निखिलला त्यात रस नव्हता, आणि मला धैर्य झाले नाही. पुढच्या सर्वपित्री अमावास्येला मात्र मित्राला पाणी देण्याचा अधिकार मला होता. दहीभात, चहाचा थर्मास आणि एक पेला घेऊन मी मार्गारेटबाईंच्या बाकापाशी गेलो. त्या आधीच आल्या होत्या, पण उभ्या होत्या. वसंतरावांची रीत त्या शिकल्या होत्या; आपल्याच नावाच्या बाकावर बसायला त्या परवानगीची वाट पाहत होत्या.

मी वसंतरावांचे नाव व गोत्र उच्चारून पाणी सोडले आणि घास बाकाच्या टोकाशी ठेवला. धुक्यातून एक कावळा उतरला. घासापासून वीतभर अंतरावर बसला. शिवला नाही. मी म्हटले, "वसंतराव, निखिल नीट आहे. मी पाणी देत जाईन. सिंधूताईंना तुम्ही आता स्वतःच भेटला असाल." कावळा माझ्याकडे पाहत राहिला. मान तिरकी करून, जशी ते करत तशी. मनोऱ्यांवर आणखी कावळे जमू लागले. कोणीच ओरडत नव्हते.

"तो कशासाठी थांबला आहे?" मार्गारेटबाईंनी हळूच विचारले. मी त्यांना सांगितले.

त्या काठी टेकत पुढे झाल्या, बाकावर वाकल्या, आणि त्या पक्ष्याला म्हणाल्या, "वसंत, मी जिवंत आहे. मी बरी आहे. पाहा."

कावळ्याने घासात चोच घातली.

त्याने सगळा भात नेला नाही. निम्मा उचलला. उरलेला चोचीने ढकलत बाकाच्या मधोमध, मार्गारेट हे नाव कोरलेल्या पाटीच्या खाली आणून ठेवला, आणि उडून गेला.

आम्ही दोघे त्या उरलेल्या घासाकडे पाहत उभे राहिलो. "हा कोणासाठी?" त्यांनी विचारले. मी थर्मास उघडला, चहा झाकणात ओतून निम्मा त्यांच्या पेल्यात घातला. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला, पाटीकडे वळून आमच्याच भाषेत, अडखळत विचारले, "बसू का?" आणि आम्ही उभ्या उभ्याच ऐकत राहिलो.