पहिली मागणी

पत्रक लिहायला मला अर्धा तास पुरतो. 'जाहीर निषेध' कुठे घालायचा, कुठला शब्द ठळक करायचा, हे बारावीपासून हातात बसलंय. त्यामुळे आमच्या कॉलेजने तीन विषयांची लेक्चरं वर्गात घेण्याऐवजी रेकॉर्ड करून अ‍ॅपवर टाकायला सुरुवात केली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी माझं पत्रक तयार होतं. पहिली मागणी: रेकॉर्डिंग बंद करा, वर्गात शिकवा. दुसरी: शनिवारच्या ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद दिसला की गैरहजर, हा नियम मागे घ्या.

सह्या भराभर मिळाल्या. सगळ्यात आधी केल्या त्या व्हिडिओ सुरू करून मोबाईल उशीखाली ठेवणाऱ्या मुलांनी. अ‍ॅपवर हिरवी खूण आली की त्यांचं शिक्षण झालं. पत्रक त्यांनी वाचलं नाही. मी मात्र 'विद्यार्थ्यांचा प्रचंड पाठिंबा' असं ग्रुपवर टाकून मोकळी.

वर्गातल्या एका मुलीची सही राहिली होती. कामण गावची. सातिवलीच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात सकाळच्या पाळीला खोके भरायची, त्यामुळे कॉलेजात क्वचितच दिसायची. परीक्षेचा फॉर्म भरायला आली तेव्हा मी तिला जिन्यात गाठलं. तिने कागद दोनदा वाचला.

"हे कोनाला विचारून लिहिलंस?"

सगळ्यांसाठीच आहे, वर्गात शिकणं हा आपला हक्क आहे, असं जे तोंडपाठ होतं ते मी म्हणून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. मग टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं. पाळी सुटते तोवर वर्ग संपलेला असतो. रेकॉर्डिंग ती खोके भरताना एका कानात लावते, दुसरा कान सुपरवायझरसाठी मोकळा. कळलं नाही ते घरी पुन्हा. गेल्या वर्षी रेकॉर्डिंग नव्हतं, दोन विषय राहिले. यंदा राहिले तर घरचे कॉलेज सोडायला लावणार.

"तू बंद करायला सांगतेस ना, तेच माझं कॉलेज आहे बाई," ती म्हणाली.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आधी तिचाच आला. शिकायच्या वयात मुलीला पाळ्या कराव्या लागतात, यावर मी चार पानं लिहिली असती. पण तिला माझी पानं नको होती, लेक्चर हवं होतं.

"कॅमेऱ्याचं बरोबर लिहिलंयस," ती पुढे म्हणाली. "खोक्यांच्या ढिगात उभी असते मी, काय दाखवू त्यांना?"

तिने पेन मागितलं. आयकार्डाची कड पट्टीसारखी धरून पहिली मागणी नीट खोडली आणि खाली सही केली.

आता आधीच्या सह्यांना काही अर्थ उरला नव्हता. मी नवा कागद केला. पहिली मागणी: रेकॉर्डिंग परीक्षा संपेपर्यंत अ‍ॅपवर राहू द्या. पुन्हा कॅन्टीन, पुन्हा तीच मुलं. 'नेत्या पलटल्या,' म्हणत सगळी हसली. एकाने न बघताच पेनासाठी हात पुढे केला.

"आधी वाच," मी म्हटलं. "मोठ्याने."