साडूंचा थर्माकोलचा डबा

खोकला ऐकून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि नेमका तोच माझा साडू निघावा हे माझं नशीब. लग्नाच्या पंगतीत कोणाला ठसका लागला तर तुम्ही-आम्ही पाण्याचा गिलास पुढे करू. साडू भरलं ताट सोडून उठतात, त्या माणसाशेजारी जाऊन बसतात आणि मोठ्या मायेने विचारतात, "किती दिवसाचा आहे हा? संध्याकाळी ताप येते काय?" तो बिचारा म्हणतो, भाजीतली मिरची लागली. मग साडूंचा चेहरा असा पडतो की यजमानाला वाटावं, जेवणात काही कमी राहिलं. कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या टीबीच्या जंतूंची घराणी शोधणं हा त्यांचा अभ्यास आहे. पीएचडीसाठी म्हणून तो सुरू झाला. पीएचडी मिळाली, डोक्यावरचे केस गेले, अभ्यास चालूच आहे.

आपल्याला वाटतं, टीबी म्हणजे टीबी. साडूंसमोर एकदा असं म्हणून बघा, तुमची पुढची गाडी चुकलीच समजा. "अहो, जंतू दिसायले एकसारखे, पण खानदान अलग अलग. एक इथलाच, जुना. एक सुरतेहून आला, एक पुण्याहून, बांधकामावर गेलेल्या लोकायसंग. माणूस कुठं कुठं गेला हे तो स्वतः विसरते, जंतू नाही विसरत." आमच्याकडे नवा माणूस भेटला की गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, तिथले पाटील तुमचे कोण लागतात, हे विचारल्याशिवाय चहाचा कप खाली ठेवत नाहीत. साडूंनी ही सगळी चौकशी माणसांवरून उचलून जंतूंवर नेली, एवढंच.

रुग्णांच्या थुंकीचे नमुने आणायला ते स्वतः एसटीने जातात. मांडीवर थर्माकोलचा पांढरा डबा. आत सगळं तीन-तीन आवरणांत बंद, परवानग्या रीतसर, भीती काही नाही. पण कोणी विचारलं तर खरं सांगायचं हा त्यांचा हट्ट. एकदा चिखलीला गाडीत चढलेले एक काका त्यांच्या शेजारी टेकले आणि हसून म्हणाले, "सर, डब्यात मासोया काय?"

"नाही. टीबी आहे."

काका मेहकरपर्यंत उभे गेले. मी नंतर म्हटलं, "साडूभाऊ, औषधं आहेत म्हणायचं की!" तर माझ्यावरच डाफरले, "काऊन? लपवल्यानंच तर पसरते तो." त्यामुळे गाडी कितीही भरलेली असो, साडूंच्या शेजारची जागा रिकामी. सुट्टीच्या दिवसांत तिथे एकच व्यक्ती बिनधास्त बसायची, ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. बाप सगळ्यांना खरं सांगून सीट मोकळी करून देतो, याचं तिला लहानपणी फार कौतुक होतं.

मग गेल्या वर्षी साडू स्वतःच खोकू लागले. साऱ्या जिल्ह्याचा खोकला टिपणाऱ्या या माणसाला आपला मात्र ऐकू येईना. खडूची धूळ, म्हणायचे. शेवटी ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. टीबीच निघाला. मी घाबराघुबरा भेटायला गेलो, तर गृहस्थ आपल्याच नमुन्यावर चिठ्ठी चिकटवत बसलेले. "पाहू तं खरं, माह्याकडे कोणत्या घराण्यातला आला!"

गोळ्या सुरू झाल्या, तब्येत सुधारली, आता कोणाला लागण व्हायची भीती नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता, कारण मुलीची सोयरीक जुळत आली होती. मेहकरचं स्थळ, मुलगा जनावरांचा डॉक्टर. पोरापोरींनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं, राहिली होती फक्त मोठ्यांची बैठक. घरात टीबी आहे हे कळल्यावर कोण पोरगी करून घेईल? बैठकीच्या दिवशी ताईंनी मला साडूंच्या शेजारी बसवलं आणि बजावलं, "पाहुणे तब्येतीच्या विषयावर आले की तुम्ही पोहे वाढा."

मी वाढले हो! मुलाच्या वडिलांनी "बाकी तब्येत-पाणी?" म्हणताच मी साडूंच्या बशीत पोह्यांचा डोंगर केला. त्यांनी बशी शांतपणे खाली ठेवली. "बरं विचारलं. मले टीबी झाला आहे. गोळ्या चालू आहेत, माह्यापासून आता कोणाले धोका नाही. पण सोयरीक जोडून राह्यलो, तं तुमाले माहीत पायजे." एवढ्यावर थांबावं की नाही? पण समोर बसलेला माणूस गप्प आहे म्हणजे ऐकतो आहे, असा मास्तरांचा समज असतो. साडू सुरतेच्या घराण्यापर्यंत पोचले तेव्हा मुलाचे वडील उठले आणि म्हणाले, "कळवतो." आमच्याकडे कळवतो म्हणजे नाही. जाताना मुलाच्या आईला दारात खोकला आला, तो तिने पदरात दाबला. आणि अशा वेळी हा माणूस विचारतो, "बाई, हा किती दिवसाचा?"

मुलगी रडून म्हणाली, "बाबा, एक दिवस गप्प बसता येत नव्हतं?" साडूंनी अंगणात येऊन मला विचारलं, "चुकलं काय माह्यं?" मी रागातच हो म्हटलं. त्या दिवशी मला त्यांची फार कीव आली, आणि तरी मी हो म्हटलं.

पंधरवड्याने मेहकरहून फोन आला. मुलाची आई बोलत होती. सोयरिकीचं काही नाही; खोकला थांबत नाही, गावात कळू न देता तपासायचं कुठे? साडूंनी तिला बुलढाण्याला बोलावलं, सोबत दवाखान्यात गेले. टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांसाठी ती बुलढाण्यालाच यायची, ताईंकडे चहा घ्यायची, आणि मुलगी तिला गाडीत बसवून द्यायची. सहा महिन्यांचं औषध पूर्ण झालं तेव्हा ती नवऱ्याला घेऊन आली. नवरा जमिनीकडे पाहत होता, तीच बोलली, "आमच्या घरात सगळे झाकून ठेवतेत. मीबी पदरात खोकलत राह्यले. एक तरी सांगणारं माणूस घरात पायजे. पोरगी द्या आमाले."

लग्न झकास झालं. साडूंच्या नमुन्याचा निकालही त्याच सुमाराला आला. "साधाच निघाला. इथलाच," ते हिरमुसून म्हणाले.

परवा त्यांच्यासोबत मेहकरला निघालो होतो. मांडीवर तसाच डबा, पण नवा कोरा, आत लेकीसाठी ताईंनी केलेलं श्रीखंड. गाडी खच्चून भरलेली. चिखलीला तेच काका चढले.

"सर, आज काय?"

"श्रीखंड."

काका समजुतीने हसले आणि पुढे जाऊन दांड्याला धरून उभे राहिले. मी मागच्या सीटवरून उठून साडूंच्या शेजारी येऊन बसलो. ते खिडकीकडे सरकले आणि त्यांनी डबा नीट धरला.

"ही जागा पोरीची होती," ते म्हणाले.