बटूची मुंज

भोरहून वरंध घाट उतरताना एसटी नुसती हेलकावत होती. महाडच्या शाळेत ताऱ्यांवर माझं व्याख्यान होतं. पण ते निमित्त. मी निघाले होते नवऱ्याला पुण्याला परत आणायला. मुंज ठरलेली असताना आमचा मुलगा नचिकेत तापात गेला. त्यानंतर श्रीधर पोलादपूरजवळच्या आपल्या गावी गेला, तो तिथलाच झाला.

व्याख्यान झालं, टाळ्या पडल्या. माझं मन तिथं नव्हतं. पोलादपूरकडे नेणारा रिक्षावाला आखातातून परतलेला, बोलका होता.

"मी दुबईला नि बायको हितं. आमची जोडी फोनवर, मॅडम!"

"आणि आता?"

"आता रोज भांडतो. बरं वाटतं."

मला त्याचा हेवा वाटला.

गाव कशेडीच्या पायथ्याशी. भात पिवळं पडू लागलं होतं. श्रीधर बांधावर होता. "आलीस? जेवून घे," एवढंच म्हणाला. शेजारच्या पार्वतीकाकूंनी आम्हा दोघांना घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं आणलं आणि ओसरीवर टेकल्या.

"शाळंत काय शिकवलंस गो?"

चला, बोलायला विषय तरी मिळाला. म्हटलं, तारे पुष्कळदा जोडीनं राहतात. त्यातला थोरला आधी जळून संपतो, गाभा तेवढा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. एकटा असता तर निमूटपणे थंड होत गेला असता. पण जोडीदाराचा वायू त्याच्यावर पडत राहतो, भार सोसवेनासा होतो आणि बटू फुटतो.

"बटू? मंग मुंज कुनाची हाय?" काकू हसल्या, आणि हसू अर्ध्यातच थांबलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "चुकलं गो माजं."

श्रीधर भाकरी मोडत होता, तो नुसती मोडतच राहिला. मी रडले. नचिकेत गेल्यापासून त्याच्यासमोर कधी रडले नव्हते. काकू हळूच उठून गेल्या.

मग त्यानं विचारलं, "फुटल्यावर काय उरतं?"

"बहुतेकदा बटूचं काहीच नाही. पण काही स्फोट जगावेगळे असतात, अर्धवट होतात. मग करपलेला बटू उरतो, जोडीदारही उरतो. जोडी मात्र सुटते. दोघं दोन दिशांना फेकले जातात."

त्यानं ताटं उचलून धुवायला नेली. सकाळी मी म्हणाले, "घरी चल." माझी पिशवी घेऊन तो स्टँडपर्यंत आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "ते दोघं पुन्हा भेटतात का गं कधी?"

"नाही," मी म्हणाले. "आकाश फार मोठं आहे."

शिकवायची खोड, दुसरं काय! त्यानं मान हलवली आणि मागे सरकला.

महाडला गाडी बदलून वरंध घाट चढताना एका वळणावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो ताऱ्यांचं विचारत नव्हता. फोन काढला, तर घाटात रेंज नाही. भोरला रेंज आली. पण खरं असलेलं उत्तर परत कसं घ्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.