दाखल्यातली एक ओळ

जिमची नोकरी सोडून तो घरोघरी व्यायाम शिकवायला जायचा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलीने पहिल्याच दिवशी त्याच्याकडे पोलिसांचा दाखला मागितला.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "आणतो. पण त्यात एक गुन्हा दिसेल. विसाव्या वर्षी मारामारी केली होती. चार महिने आत होतो."

खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "कुणाला मारलंस?"

"मोठ्या भावाला. त्याचा हात मोडला."

"आता बोलतो का तो?"

"नाही. मी दर रविवारी फोन करतो, तो उचलत नाही."

बाईंनी थोडा विचार केला. "दाखला आण. तोवर ही समोर बसेल," त्या म्हणाल्या आणि त्याच्यापुढे हात केला. "चल, उठव मला."

दाखला तीन आठवड्यांनी आला. मुलीने तो नीट वाचला, फाइलला लावला आणि पुढच्या सोमवारची वेळ विचारली.